कोणाला नाही, तरी नर्सबाईला सांगा

(पेठ, ता. आंबेगाव येथे हितचिंतकांच्या व महिलांच्या बैठकीत आमच्या एका परिचारिका भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मला 'गरोदरपणातील काळजी' या विषयावर बोलायला सांगितले आहे. विषय मोठा आहे. मी त्यातला एकच तुकडा घेते, पहिल्या तीन महिन्यांचा. पुढच्या महिन्यांची काळजी आता पुष्कळ घरांतून होते. पोट दिसू लागले की सासू भाकरी वाढताना हात सैल सोडते, शेजारीण चिंच-आवळा आणून देते, सातव्या महिन्यात चोळी-बांगडी होते, नवव्या महिन्यात गाडीची चौकशी होते. पहिल्या तीन महिन्यांत पोट दिसत नाही, म्हणून बाईचे गरोदरपणही कोणाला दिसत नाही. ती डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढते, उपाशीपोटी मजुरीला जाते, ओकाऱ्या पदराआड लपवते, आणि दुखले-खुपले तर अंगावर काढते.

मी सुईणपणाचे काम शिकलेली बाई आहे. लोकांना वाटते की आमचे काम बाळंतपणाच्या खोलीत सुरू होते. खरे पाहता ते पाळी चुकते त्याच दिवशी सुरू होते. फक्त त्या दिवशी आम्हाला कोणी कळवत नाही.

का कळवत नाहीत? आपल्याकडे रीत आहे की तीन महिने उलटेपर्यंत बाहेर बोलायचे नाही. दृष्ट लागेल, आणि पोट पडलेच तर चारचौघांत चर्चा नको. या रीतीला मी हसत नाही. गर्भ पडण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांतच जास्त असतो, हे आमची पुस्तकेही सांगतात. दुःख घरातच राहावे असे एखाद्या माउलीला वाटले तर त्यात वावगे काही नाही. म्हणून मी प्रत्येकीला एवढेच सांगते, "बाई, गावात कोणाला सांगू नकोस. नवऱ्याला सांग आणि मला सांग. माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही." रीतही राहते आणि काळजीही होते.

आता या आठवड्यांत पोटात काय चालते ते ऐका. आम्ही दिवस मोजतो ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाळी चुकते तेव्हा त्या हिशेबाने चार आठवडे होऊन गेलेले असतात. पुढच्या दोनच आठवड्यांत बाळाच्या मेंदूचा आणि पाठीच्या कण्याचा पाया पूर्ण होतो. त्याच सुमारास इवलेसे हृदय धडधडू लागते. बारा आठवडे भरेपर्यंत बाळाचे सगळे मुख्य अवयव घडलेले असतात. पुढे ते वाढायचे राहतात. म्हणजे पोट दिसायला लागते तोवर घराचा पाया भरून भिंतीसुद्धा उभ्या राहिलेल्या असतात. पायाला काय लागते ते आधीच पुरवायला हवे.

त्या पायासाठी एक बारीक गोळी आहे, फॉलिक ॲसिडची. पहिले तीन महिने रोज एक. ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मूल हवे असे ठरवल्यापासूनच ती सुरू करावी, म्हणजे मेंदूच्या आणि कण्याच्या जन्मजात दोषांचा धोका बराच कमी होतो. लोहाची गोळी आम्ही साधारण चौथ्या महिन्यापासून देतो. ती किमान १८० दिवस घ्यायची, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. तिने शौचाला काळे होते. त्याला भिऊन पुष्कळ जणी गोळ्या कौलात खोचून ठेवतात. काळे होणे म्हणजे गोळी पोटात गेल्याची खूण, भिण्यासारखे काही नाही. मळमळत असेल तर ती रात्री जेवणानंतर घ्यावी. मात्र गोळीच्या आणि जेवणाच्या मागेपुढे तासभर चहा घेऊ नये, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू किंवा आवळा ते अंगी लागायला मदत करतो.

पहिल्या भेटीत आम्ही काय करतो, हे भीती जावी म्हणून सांगते. पाळी चुकून आठवडा झाला की आशाताईकडे लघवीच्या तपासणीची पट्टी मिळते. सकाळच्या पहिल्या लघवीचे दोन-तीन थेंब टाकले की पाच मिनिटांत कळते. मग आम्ही शेवटच्या पाळीची तारीख विचारतो. तारीख कोणालाच आठवत नाही, पण सण आठवतो. "नागपंचमीच्या आधी की नंतर? त्या दिवशी बाजार होता का?" असे विचारत गेले की दिवस सापडतो. त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. पाळी १० जूनला आली असेल तर बाळंतपणाची तारीख १७ मार्चच्या आसपास. पहिल्या तीन महिन्यांत ही तारीख जितकी नेमकी काढता येते तितकी सातव्या महिन्यात येत नाही. तारीख चुकली की बाळ लवकर आले की उशिरा, हेच कळत नाही.

मग वजन, रक्तदाब आणि रक्ताची तपासणी. रक्तात हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे, आणि ७ च्या खाली असेल तर जीवाला धोका आहे. रक्तगट पाहतो. आदिवासी भागात सिकलसेल पाहतो. एचआयव्ही आणि गुप्तरोगाचीही तपासणी होते. त्याची लाज वाटून घेऊ नका. वेळेवर कळले तर औषधाने बाळाला वाचवता येते. लघवीत साखर आणि प्रथिने जातात का ते पाहतो. धनुर्वाताचे पहिले इंजेक्शन देतो. आधी सिझेरियन झाले आहे का, मूल गेले आहे का, क्षय, फिट्स, हृदयाचा आजार आहे का, हेही विचारतो. कोणती गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नये, आम्हाला दाखवावी. अंगदुखीसाठी दुकानातून गोळीही आणू नये.

अशा किमान चार भेटी व्हायला हव्यात: पहिली १२ आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६ आठवड्यांत, तिसरी २८ ते ३४ मध्ये आणि चौथी ३६ आठवड्यांनंतर. या चारांत पहिलीच सर्वांत जास्त चुकते, आणि तिच्यावर पुढच्या तिन्ही उभ्या असतात. रक्त कमी आहे हे दुसऱ्या महिन्यात कळले तर नाचणी, पालेभाजी आणि गोळ्यांनी ते भरून काढायला सहा-सात महिने हातात असतात. आठव्या महिन्यात कळले तर मग रक्ताची बाटली शोधत पळावे लागते.

खाण्याचे बोलू. आमच्या डोंगरात एक समजूत आहे की जास्त खाल्ले तर बाळ मोठे होईल आणि बाळंतपण जड जाईल. म्हणून पोरी अर्धपोटी राहतात. त्याने होते एवढेच की आई थकते आणि बाळ कमी वजनाचे जन्मते. फार महाग काही लागत नाही. नाचणीची भाकरी, वरईचा भात, हुलग्याचे पिठले, शेवग्याचा पाला, तांदुळजा आणि कुर्डूची भाजी, ओढ्याचे खेकडे-मासे, बाजारातली सुकट, एखादे अंडे, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. हे सगळे आपल्या ताटातलेच आहे. फक्त ते तिच्याही ताटात पडायला हवे. घरात सर्वांचे झाल्यावर उरलेले बाईने खायचे, ही पद्धत निदान नऊ महिने बाजूला ठेवा. तिला सर्वांबरोबर बसवून वाढा.

मळमळ आणि ओकाऱ्या साधारण सहाव्या आठवड्याला सुरू होतात आणि चौथा महिना सरेपर्यंत बहुतेकींच्या थांबतात. उठण्याआधी अंथरुणातच कोरड्या भाकरीचा तुकडा किंवा चार फुटाणे चावून खावेत. एकदम पोटभर न जेवता थोडे थोडे पाच-सहा वेळा खावे. फोडणीचा वास सोसत नसेल तर महिनाभर चुलीपुढे दुसऱ्या कोणी बसावे. धूर तसाही तिच्यासाठी चांगला नाही.

आता मिश्रीबद्दल. येथे बसलेल्या किती जणींच्या कनवटीला मिश्रीची डबी आहे, ते मी विचारत नाही. पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. ती हिरड्यांतून रक्तात आणि रक्तातून बाळापर्यंत जाते. बाळाची वाढ खुंटते, गर्भ पडण्याचा धोका वाढतो. भूक मरते म्हणून पोरी ती लावतात, पण जी भूक मरते ती बाळाची असते. एकदम सुटत नसेल तर दिवसाला एक वेळ कमी करत या, आणि मला सांगत राहा. मी रागावणार नाही.

कामाचे काय? गरोदर बाईने खाटेवर पडून राहावे असे मी म्हणत नाही. हलके काम, चालणे-फिरणे चांगलेच. पण तीन गोष्टी टाळा. डोक्यावर जड मोळी आणि भरलेले हंडे नकोत. आवणीच्या दिवसांत चिखलात तासन् तास वाकून राहणे नको. अधूनमधून बांधावर बसून पाणी प्यावे. आणि औषध फवारलेल्या शेतात जाणे अजिबात नको. पोट चोळून घेणे आणि कोणी दिलेली मुळी उगाळून पिणेही या महिन्यांत टाळा.

हा कामाचा मुद्दा मी पेठेत मुद्दाम मांडते. भीमाशंकरच्या कड्यापासून माळशेजपर्यंत आपल्या आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेला महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. पावसाळ्यात भाताची आवणी, उन्हाळ्यात हिरडा, आणि मधल्या दिवसांत पोटासाठी पूर्वेला उतरायचे. कोणी नारायणगावच्या बाजूला टोमॅटो-द्राक्षांच्या मजुरीला, कोणी आपल्या सातगाव पठारावर बटाट्याला. यांतल्या कितीतरी जणी दोन-तीन महिन्यांच्या पोटुशी असतात आणि मुकादमाला ते ठाऊक नसते. गावी नाव नोंदवलेले असते, कार्ड गावीच राहते, आणि इथल्या नर्सला त्यांचे काहीच माहीत नसते. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड कपड्यांच्या गाठोड्यात सर्वांत वर ठेवा. ज्या गावी जाल तिथल्या आशाताईला पहिल्याच आठवड्यात दाखवा. तपासणीचा हक्क गावच्या शिवेपाशी संपत नाही.

कार्डाचे मोल सांगणारी एक हकिगत सांगते. नाव-गाव सांगत नाही. बटाटा काढणीला आलेली एक पोर, पहिलटकरीण. तिच्या वाडीतल्या आशाताईने तिची नोंद केली होती आणि इथे पोचल्यावर तिने कार्ड आम्हाला दाखवले होते. पाळी चुकून तीन आठवडे झाले होते. एका दुपारी तिला थोडे अंगावर गेले आणि पोटात एकाच बाजूला कळ येऊ लागली. बरोबरच्या बायका म्हणाल्या, "पाळीच आली असंल, जरा पड." पण तिला मी सांगितलेले आठवले आणि तिने नवऱ्याला माझ्याकडे पिटाळले. मी गेले तेव्हा तिला उभे राहिले की भोवळ येत होती, नाडी जलद आणि हात गार. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला होता आणि नळी फुटायच्या बेतात होती. रुग्णवाहिका बोलावली, मंचरला नेले, तिथून पुढे. रात्री शस्त्रक्रिया झाली. ते मूल वाचणारे नव्हतेच. पण ती वाचली. ती गरोदर आहे हे कोणालाच ठाऊक नसते तर 'पाळीची कळ' म्हणून ती झोपून राहिली असती, आणि सकाळी उठली नसती. दीड वर्षाने ती पुन्हा आली तेव्हा पाळी चुकून सहाच दिवस झाले होते. म्हणाली, "बाई, अजून सासूला बी सांगितलं नाय. आधी तुमच्याकडं आले."

म्हणून या खुणा पाठ करा, आणि घरातल्या पुरुषांनीही कराव्यात. अंगावर जाणे, थोडे असले तरी. पोटात एका बाजूला कळ येणे, भोवळ येणे. पाण्याचा घोटही न टिकणाऱ्या ओकाऱ्या, लघवी कमी आणि गडद होणे. थंडी वाजून ताप. लघवीला जळजळ किंवा अंगावरून घाण वासाचे जाणे. चार पावले चालताच धाप लागणे. यांतले काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ किंवा १०२ ला फोन करा. पावसाळ्यात तर आणखी आधी हला. डिंभे धरणाच्या मागच्या वाड्यांचा रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. ३० जुलै २०१४ ची माळीणची सकाळ आपण विसरलेलो नाही.

कोणाचा गर्भ पडलाच तर एक गोष्ट लक्षात ठेवा. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडतो तो बहुतेक वेळा बीजातच दोष असल्यामुळे. बाईने पायरी ओलांडली म्हणून नव्हे, ग्रहणात भाजी चिरली म्हणून नव्हे. तिला दोष देऊ नका. तिला तपासायला आणा आणि चार दिवस विसावा द्या.

आता गावच्या सुईण आजींविषयी. निर्गमातल्या त्या इब्री सुइणी आपल्याला ठाऊक आहेत. राजाचा हुकूम मोडून त्यांनी लेकरे जगवली. सुईण हा मानाचा शब्द आहे. वाडीतल्या आजींना मी कधी हिणवत नाही. वाडीत कोणाला कोरड्या ओकाऱ्या सुरू झाल्या हे त्यांना माझ्याआधी कळते. मी त्यांना म्हणते, "आजी, पोट चोळू नका, पण पोरीचा हात धरून तिला माझ्याकडे आणा. तुमचा मान तुमच्याकडेच राहील."

हा मार्ग मी काढलेला नाही. आपल्या महाराष्ट्रात जामखेडला डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. हे दोघे आपल्याच समाजातले, वेल्लोरला शिकलेले. त्यांनी गावोगावच्या साध्या बायका निवडल्या. कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. त्यांना गरोदर बाईची तपासणी, स्वच्छ बाळंतपण आणि बाळाचे संगोपन शिकवले. डॉक्टर महिन्यातून एकदा येईल, पण शेजारीण रोज भेटते, हे त्यांनी ओळखले. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि दूरदूरच्या देशांतून लोक जामखेडला शिकायला आले. शिकवणाऱ्यांत त्या गावच्या बायकाही होत्या. बाईने बाईला वेळेवर सांगणे, त्या कामाची मुळी हीच होती.

सरकारकडून काय मिळते तेही माहीत असू द्या. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात तपासण्या, औषधे, बाळंतपण आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून तपासणी होते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात, पण त्यासाठी नाव लवकर नोंदवावे लागते. अनुसूचित क्षेत्रातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून गरोदर मातांसाठी जेवण आहे. हे सगळे नाव नोंदवल्यावर उघडते. नोंदच पाचव्या महिन्यात झाली तर तोवरचे हातून गेलेले असते.

शेवटी, मंडळीतल्या आणि मदत पाठवणाऱ्या बंधू-भगिनींना माझी विनंती. तुम्ही बाळंतविडे पाठवता, झबली-टोपडी पाठवता. त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण झबले घालायला बाळ सुखरूप यावे लागते. तेव्हा यंदा त्यातला काही भाग पहिल्या भेटीसाठी राखून ठेवा. वाडीतून दवाखान्यापर्यंत जीपचे भाडे आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी, एवढ्यासाठी कितीतरी जणी पहिली तपासणी टाळतात. एवढे मिळाले तर त्या येतात.

ज्यांची शेते आहेत त्यांना आणखी एक सांगते. तुमच्या शेतात मजुरीला आलेल्या बाईला फवारणीच्या दिवशी दुसरे काम द्या. प्यायला स्वच्छ पाणी आणि आडोसा द्या. आणि ती म्हणाली की "उद्या दवाखान्यात जायचंय," तर कारण विचारू नका. पगार न कापता जाऊ द्या. तिला तीन महिने कोणाला सांगायचे नसेल, तर ते तिचे गुपित आहे.

आणि माझ्या मायबहिणींनो, तुम्हाला एकच सांगणे. पाळी चुकली की सणवार पाहू नका, पाऊस उघडण्याची वाट पाहू नका, पोट दिसण्याची तर नकोच नको. माझ्याकडे या, नाहीतर जी नर्सबाई जवळ असेल तिच्याकडे जा. चारचौघांत बोलायला लाज वाटत असेल तर नुसते दारात येऊन उभ्या राहा. आम्ही ओळखू.